केबलचा बॉक्स घरात आला, आता वयस्कांच्या हातात रिमोट कसा बसवायचा? (पुणे, ३१ मार्च)

नारायणपेठी | १० मार्च २०१३, रात्री ९:४०

३१ मार्चनंतर पुण्यात केबलवरचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण (बॉक्सशिवाय दिसणारं, जुन्या पद्धतीचं) बंद होणार आणि टीव्हीला डिजिटल सेट-टॉप बॉक्स लागणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. मुंबईचा नंबर गेल्या ३१ ऑक्टोबरला लागला. आता दुसऱ्या टप्प्यात देशभरातली ३८ शहरं आहेत. त्यात आपल्याबरोबर पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर आणि औरंगाबादही आलं. केबल ठेवावी की डीटीएच (घरावरची डिश) घ्यावं, कुठली कंपनी बरी, यावर इथे भरपूर चर्चा झाली आहे. तो विषय कृपया या धाग्यात नको.

मला वेगळंच बोलायचंय. आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. मुलं बंगळूरला, नाहीतर परदेशी, नाहीतर बावधन-बाणेरला. दिवसभर घरात जो काही आवाज असतो तो टीव्हीचा. बॉक्स लावायला मुलगा येतो, तारा जोडतो, "आजी, हे दाबायचं, मग हे दाबायचं" म्हणतो आणि पुढच्या घरी पळतो. त्याला दिवसाला किती घरं करायची असतात ते दिसतंच आहे, त्याच्यावर राग नाही. पण रात्री आठला त्या घरातला टीव्ही बंद असतो.

शेजारच्या मावशींकडे नेमकं काय होतं ते नीट बसून पाहिलं. त्यांना चॅनेलचे नंबर कधीच पाठ नव्हते. टीव्ही लावायचा, वरचं बटण दाबत जायचं, सह्याद्री गेलं की पुढचं आपलं, असा त्यांचा हिशोब. वीस वर्षं तोच अंगठा, तेच बटण. आता टीव्ही एव्हीवर (बॉक्सचं चित्र जिथे दिसतं तिथे) असतो आणि चॅनेल बदलतं बॉक्सच्या रिमोटने. मावशींचा अंगठा मात्र सवयीने टीव्हीच्या रिमोटवरचंच बटण दाबतो. टीव्ही एव्हीवरून सरकतो आणि पडद्यावर मुंग्या. मग घाबरून आणखी चार बटणं दाबली जातात. शेवटी त्या मेन स्विच बंद करून देवाजवळ जाऊन बसतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "बिघडवला मी बहुतेक, तुझ्या काकांना सांगू नकोस."

टीव्ही बिघडलेला नसतो, एक बटण चुकलेलं असतं. पण त्यांच्या मनात आपण काहीतरी मोडलं हे बसतं आणि मग त्या रिमोटला हातच लावत नाहीत. हे मला फार लागलं.

मी केलं ते असं. टीव्हीच्या रिमोटवर फक्त चालू-बंद आणि आवाज ठेवला, बाकी बटणांवर काळी इन्सुलेशन टेप लावली. बॉक्सच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणाला मावशींच्याच पाकिटातली मोठी लाल टिकली चिकटवली. जाड पुठ्ठ्यावर त्यांच्या रोजच्या पाच चॅनेलांची नावं मराठीत आणि पुढे ठळक आकड्यात नंबर लिहून तो टीव्हीशेजारी टांगला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रिमोट माझ्या हातात घेतलाच नाही. त्यांनी दाबायचं, मी नुसतं बसायचं.

तुमच्या घरी, शेजारी काय अडलं आणि काय केलंत ते लिहा. ३१ तारखेच्या आत जितक्या घरांत जाता येईल तितकं जाऊ या.

---

तारवाला | १० मार्च २०१३, रात्री १०:५५

उत्तम धागा. मी केबलच्या तांत्रिक कामात बरीच वर्षं आहे, म्हणून तारेबद्दल लिहितो. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्र हळूहळू खराब व्हायचं. आधी थोड्या मुंग्या, मग सावली, मग रंग उडायचा. तरी बातम्या ऐकू यायच्या आणि माणसं चालवून घ्यायची. डिजिटलला अशी मधली पायरी जवळजवळ नाही. सिग्नल पुरेसा असेल तोवर चित्र काचेसारखं स्वच्छ. त्याखाली गेला की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, मग सगळं थिजतं आणि "नो सिग्नल" येतं. म्हणून "काल तर जुन्या केबलवर नीट दिसत होतं, बॉक्सच खराब दिलाय" असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा तार खराब असते, बॉक्स नसतो.

पेठांतल्या वाड्यांत तारा पन्हाळीवरून, कौलांखालून, जिन्याच्या कठड्याला गुंडाळून आलेल्या असतात. मध्ये जोड दिलेला असतो, तोही तांब्याला तांबं पिळून वर टेप. अ‍ॅनालॉगला ते चालून गेलं. आता नाही चालत. बॉक्स लावायला येणाऱ्याला सांगा: जोड असेल तिथे नीट कनेक्टर लाव, टोकाची सोलून खुपसलेली तार काढून नवा कनेक्टर बसव. आणि घरात पूर्वी दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावलेला असेल आणि आता एकच टीव्ही असेल, तर तो स्प्लिटर काढून टाका. तो फुकटचा सिग्नल खातो.

दुसरं, बॉक्स जुन्या टीव्हीच्या डोक्यावर ठेवू नका. तो मोठा टीव्ही स्वतःच तापतो, त्यावर बॉक्स, बॉक्सवर क्रोशाचं विणलेलं कव्हर. पुण्यातला एप्रिल-मे लक्षात घ्या. कव्हर काढा, बाजूला हवा लागेल असा ठेवा.

तिसरं, गुरुवारी वीज जाते. वीज आल्यावर बॉक्सला सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात काही दाबायचं नाही, हे वयस्कांना आवर्जून सांगा. पडदा काळा दिसला की ती पटापट बटणं दाबतात आणि बॉक्स भलत्याच पानावर जाऊन बसतो. शिवाय बरेच जुने टीव्ही वीज गेली की एव्ही विसरतात आणि एक नंबरवर सुरू होतात. अशा बऱ्याच टीव्हींवर एकच्या खाली गेलं की शून्य येतं आणि तेच एव्ही असतं. आपल्या टीव्हीवर कसं आहे ते एकदा बघून पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

---

मीरा_कोथरूड | ११ मार्च २०१३, सकाळी ११:२०

टिकलीची युक्ती फार आवडली, आज सासूबाईंच्या रिमोटवर लावते.

आमच्याकडे दोन गोष्टी वारंवार होतात. बॉक्सच्या रिमोटवर टीव्ही/रेडिओ असं एक बटण आहे. ते चुकून दाबलं गेलं की चित्र गायब आणि नुसती आकाशवाणीच्या केंद्रांची यादी. सासरे म्हणतात टीव्ही गेला. तेच बटण पुन्हा दाबलं की सगळं जागेवर.

दुसरं, भाषेचं बटण. प्राण्यांच्या वाहिन्या एकाच चॅनेलवर हिंदी, इंग्रजी, तमीळ, तेलुगू अशा दिसतात. नातवाने कधीतरी ते दाबलं आणि दोन दिवस आजोबा सिंहाबद्दल तेलुगूत ऐकत होते. कुणाला विचारायचं म्हणून गप्प बसले होते. "ऑडिओ" किंवा "लँग" लिहिलेलं बटण शोधून हिंदीवर आणायचं, एवढंच काम होतं.

ही दोन्ही बटणं त्यांना कधीच लागत नाहीत. मीही त्यांच्यावर टेप लावू का?

---

आजोबा७४ | ११ मार्च २०१३, दुपारी ४:०५

टेप लावण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते वयस्कांच्या बाजूने मांडतो कारण मी त्यांच्यातलाच आहे.

मी नोकरीत असताना नवी यंत्रं शिकलो, निवृत्तीनंतर संगणक शिकलो, इथे मराठीत टंकतो. घरी येऊन कुणी माझ्या रिमोटवर काळी पट्टी चिकटवली तर मला ते अपमानाचं वाटेल. बटण काय करतं ते सांगा. एकदा नाही कळलं तर पुन्हा सांगा. हळू सांगा. तरुण मुलांची अडचण अशी की ती स्वतः दाबून दाखवतात आणि "झालं, कळलं ना?" म्हणतात. कळलेलं नसतं, पण पुन्हा विचारायची लाज वाटते. नारायणपेठी यांनी रिमोट स्वतःच्या हाती घेतला नाही, हे मला त्यांच्या टेपपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

आणि एक विनंती. पडद्यावर खाली जी पट्टी येते ती इंग्रजीत असते. माझ्या पत्नीला देवनागरी उत्तम वाचता येतं, इंग्रजी नाही. चॅनेलचं नाव इंग्रजीत वाचून ओळख, असं तिला सांगण्यात काही अर्थ नाही. आकडा मात्र ती ओळखते. म्हणून पुठ्ठ्यावर मराठी नाव आणि पुढे पडद्यावर दिसतो तसाच आकडा लिहावा. पडद्यावर इंग्रजी आकडे दिसतात, तर पुठ्ठ्यावरही तेच लिहा.

---

नारायणपेठी | ११ मार्च २०१३, रात्री ८:३०

आजोबा, आकड्यांची सूचना लगेच अमलात आणते, मावशींचा पुठ्ठा आज बदलून लिहिला.

टेपचं म्हणाल तर सरसकट सगळ्यांच्या रिमोटवर लावा असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारख्याला लागणारच नाही. पण मावशींना मी विचारलं होतं आणि त्यांनीच सांगितलं, "जे लागत नाही ते झाकून टाक, म्हणजे मी घाबरणार नाही." टेप काढता येते. आता त्या टेप न काढता आवाज कमी-जास्त करतात, बॉक्सवरून चॅनेल बदलतात. पुढच्या महिन्यात म्हणाल्या तर काढू. मीरा, तुमच्या सासऱ्यांना आधी विचारा, त्यांना काय हवं ते करा.

---

कर्वेनगर_वासी | १२ मार्च २०१३, सकाळी ९:१५

आमच्याकडे आईचा जुना टीव्ही आहे, त्याला मागे लाल-पांढरी-पिवळी भोकंच नाहीत. फक्त केबलची एक गोल पिन. केबलवाला म्हणतो नवा टीव्ही घ्या. आईला त्या टीव्हीची सवय आहे आणि तो अजून ठणठणीत चालतोय. काही उपाय आहे का?

---

तारवाला | १२ मार्च २०१३, दुपारी १:४०

टीव्ही बदलायची गरज नाही. आधी बॉक्सच्या मागे बघा, टीव्हीकडे जाणारा "आरएफ आउट" आहे का. असेल तर साधी केबलची तार तिथून टीव्हीला लावायची आणि बॉक्स ज्या चॅनेलवर सिग्नल देतो ते टीव्हीवर शोधून १ नंबरवर साठवायचं. नसेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर लागतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, "एव्हीवरून केबलवर करायचा मॉड्युलेटर" म्हटलं की कळेल. जुन्या व्हिडिओ गेमसाठी लोक हेच वापरायचे.

उलट यात तुमच्या आईचा फायदाच आहे. टीव्ही सुरू केला की तो १ नंबरवर, आणि तिथेच बॉक्सचं चित्र. एव्ही शोधायची भानगडच नाही.

चित्र काळं-पांढरं आणि वर सरकतंय असं दिसलं तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन पाल (आपल्याकडची चित्राची पद्धत) निवडा, बहुतेक एनटीएससीवर (अमेरिकेकडची पद्धत) गेलेलं असतं. आणि जुन्या चौकोनी टीव्हीवर कडेचा मजकूर कापला जात असेल, तर त्याच सेटिंगमध्ये ४:३ आणि लेटरबॉक्स करून बघा. वर-खाली काळी पट्टी येईल, पण बातम्यांची खालची ओळ पूर्ण दिसेल.

---

हडपसरची_सुनंदा | १३ मार्च २०१३, रात्री ९:५०

सगळं वाचतेय, छान आहे. पण मला राग येतोय तोही लिहू दे.

माझ्याकडे काम करायला येणाऱ्या ताई वस्तीत राहतात. घरात एक टीव्ही. महिन्याला केबलचे पैसे देतात तेच ओढूनताणून. आता बॉक्सचे एकरकमी पैसे द्या, नाहीतर १ तारखेला टीव्ही बंद. गॅसचे सवलतीचे सिलिंडर आधीच वर्षाला ९ वर आणून ठेवलेत, वरून हे. त्यांनी कधी मागितलं होतं का स्वच्छ चित्र? यात त्यांचा फायदा काय, ते कुणी मला सांगेल का? मदत करा, मदत करा म्हणतो आपण, पण ज्यांच्यावर हे लादलंय त्यांना रिमोट शिकवणं पुरेसं आहे का?

---

नारायणपेठी | १४ मार्च २०१३, सकाळी ७:५५

सुनंदाताई, पुरेसं नाही. तुमचा राग रास्त आहे.

बदल कशासाठी, त्याची कारणं दोन. एक तांत्रिक: अ‍ॅनालॉगमध्ये जेवढ्या जागेत एक चॅनेल जातं, तेवढ्यात डिजिटलमध्ये दहा किंवा त्याहूनही जास्त बसतात. दुसरं पैशांचं: केबलवाल्याकडे नेमकी किती घरं आहेत हे आजवर वरच्या कुणालाच कळत नव्हतं, ना वाहिन्यांना ना सरकारच्या करमणूक कर खात्याला. बॉक्स आला की प्रत्येक घर मोजलं जातं. म्हणजे फायदा आधी त्यांचा आहे आणि खर्च मात्र घराघरावर. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा तारखा ठरल्या, पण ज्यांना बॉक्स परवडत नाही त्यांचं काय, याचा विचार तेवढाच व्हायला हवा होता.

तरी ताईंच्या हातात आज काय आहे ते सांगते. ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) गेल्या वर्षी ठरवलंय की किमान १०० निःशुल्क चॅनेलांचं मूळ पॅकेज महिन्याला १०० रुपयांपर्यंत द्यायलाच हवं, कर वेगळे. त्यात दूरदर्शनही येतं. केबलवाला हे आपणहून सांगतोच असं नाही, तो मोठं पॅकेज पुढे करतो. ताईंना सांगा, "मूळ पॅकेज द्या" असं शब्दशः म्हणायचं. बॉक्सचे पैसे दिले की पावती घ्यायची, आपल्या नावाचा अर्ज भरायचा आणि त्याची प्रत मागायची. बॉक्सचा नंबर अर्जावर आहे का ते पाहायचं. हप्ते किंवा भाड्याने मिळतो का हेही विचारायचं. अर्ज भरायला बसायची वेळ आली तर मी येते, हडपसर फार लांब नाही.

---

सिंहगडरोड_अँटेना | १४ मार्च २०१३, दुपारी १२:३०

वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटतेय. ३१ मार्चची तारीख फक्त केबलसाठी आहे. डीटीएच मुळातच डिजिटल आहे, त्यांना काही करायचं नाही. आणि ज्यांच्या गच्चीवर अजून दूरदर्शनची अँटेना आहे त्यांचंही त्या दिवशी काही बंद होणार नाही. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा सध्या आहे तसा चालू आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, आणि पुण्यात ते चित्र आलं ते या मनोऱ्यामुळे. आमच्या धायरी-नऱ्हे भागातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे काठीला बांधलेल्या साध्या अँटेनावर सह्याद्री लख्ख येतं.

सुनंदाताईंच्या ताईंसारख्या घरांसाठी आणखी एक वाट आहे, दूरदर्शनचं डीडी डायरेक्ट प्लस. २००४ च्या डिसेंबरपासून चालू आहे. डिश आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं शून्य. सह्याद्री आहे, बातम्या आहेत. पैसे देऊन बघायच्या मराठी वाहिन्या मात्र त्यावर नाहीत, हे आधी स्पष्ट सांगा. घरात संध्याकाळच्या मालिकांवर जीव असेल तर नंतर वाईट वाटतं.

वस्तीत पत्र्याच्या घरावर डिश लावायची तर ती घट्ट बसवून घ्या. वाऱ्याने डिश जराशी जरी फिरली तरी चित्र जातं. मोठा पाऊस कोसळत असेल तेव्हा थोडा वेळ सिग्नल जाणारच, तो आपोआप येतो, कुणाला बोलवायची गरज नसते.

---

दादरची_लेक | १५ मार्च २०१३, रात्री १०:१०

मी मुंबईत, आई-बाबा सहकारनगरला. इथलं नोव्हेंबरमधलं सांगते, म्हणजे तुम्हाला तयारीला उपयोग होईल.

आमच्या इमारतीत बऱ्याच जणांना वाटत होतं तारीख पुन्हा पुढे जाईल. आधी ३० जून होती, ती ऑक्टोबरअखेरवर गेली होतीच. त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी हललं नाही. मग सगळ्यांनी एकदम मागणी केली. बॉक्स मिळेनात, मिळाले तर लावायला माणूस मिळेना, लावले तर ते चालू होईनात, कारण बॉक्स लावल्यावर त्याचा नंबर कंपनीकडे नोंदवून सुरू करावा लागतो आणि तिथे रांग. तळमजल्यावरच्या एकट्या काकांच्या पडद्यावर नुसती पाटी होती. त्यांना सगळे सांगत होते "होईल, होईल".

म्हणून माझं म्हणणं, पुण्यात जे बोलतायत की तारीख पुढे जाईल, त्यांचं ऐकू नका. बॉक्स आत्ता घ्या आणि जुनं अ‍ॅनालॉग चालू असतानाच लावा. मधल्या दिवसांत आई-बाबांना सवय करायला वेळ मिळतो. घरात दहावीची परीक्षा आहे म्हणून थांबू असं आमच्या वहिनी म्हणत होत्या. मी म्हटलं, पेपर संपायची वाट पाहिली तर महिना संपेल.

आणि एक. फोनवरून मदत करायची असेल तर आई-बाबांच्या दोन्ही रिमोटचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवा. "लाल बटणाखाली डावीकडचं" असं नेमकं सांगता येतं. मी गेल्या वेळी पुण्याला आले तेव्हा काढले आणि आता दर दोन दिवसांनी उपयोगी पडतात.

---

केबलवाला_पर्वती | १६ मार्च २०१३, रात्री ११:४५

मी लोकल केबल ऑपरेटर आहे. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्याबद्दल लोक रागाने बोलतात ते समजतं. पण आमची बाजूही बघा. बॉक्स आम्हाला वरच्या कंपनीकडून आधी पैसे भरून घ्यावे लागतात. गिऱ्हाईक पैसे हळूहळू देतं. माझी दोन पोरं सकाळी आठला निघतात, रात्री अकराला परत. एका घरी अर्धा तास बसून शिकवायची इच्छा असली तरी जमत नाही.

तुम्ही लोकांनी एवढं केलंत तर फार उपकार होतील: आम्ही यायच्या आधी टीव्हीचा रिमोट आणि सेल तयार ठेवा, टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून ठेवा, आणि घरात तरुण कुणीतरी असू द्या. एका गल्लीतले सगळे बॉक्स एका दिवशी लावले तर मी एका पोराला तिथेच दिवसभर थांबवतो. आमच्या भागात गणेश मंडळाच्या पोरांनी यादी करून दिली, कुठल्या घरी म्हातारी माणसं आहेत, कुणाला ऐकू कमी येतं. त्या गल्लीत एकही तक्रार परत आली नाही.

दोन टीव्हीबद्दल रोज भांडण होतं म्हणून इथेच सांगतो. पूर्वी एका तारेवर दोन-तीन टीव्ही चालायचे. आता प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स लागतो, तो आमचा नियम नाही. एका बॉक्सवर दोन टीव्ही लावता येतात, पण दोन्हीकडे एकच चॅनेल दिसेल. आणि बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या केबलवर चालत नाही, घर बदलणार असाल तर आधी विचारा.

---

मीरा_कोथरूड | १७ मार्च २०१३, सकाळी १०:००

दादा, यादीची कल्पना फार चांगली आहे. आमच्या सोसायटीच्या फलकावर आजच लावते: ज्यांच्या घरी मदत हवी त्यांनी फ्लॅट नंबर लिहावा. शनिवारी-रविवारी आम्ही चौघी फिरतोय.

सासऱ्यांना विचारलं. म्हणाले टेप नको, रेडिओचं बटण लक्षात ठेवीन. आणि आता दुपारी मुद्दाम ते दाबून आकाशवाणी ऐकतात!

---

आजोबा७४ | १७ मार्च २०१३, दुपारी ३:३०

वाचून फार आनंद झाला.

ज्यांना नजर अधू आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. जवळजवळ प्रत्येक रिमोटवर ५ या आकड्याच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो. बोटाने तो शोधला की वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. माझ्या एका स्नेह्यांना मोतीबिंदूमुळे आकडे दिसत नाहीत, त्यांना डोळे मिटून हा सराव दिला. हवं ते चॅनेल आता ते बोटानेच लावतात. बॉक्सवर आवडीच्या चॅनेलांची यादी करता येते तीही करून द्या, मग वर-खाली दाबलं की तेवढीच चॅनेलं फिरतात. मावशींच्या जुन्या सवयीला ते अगदी जवळचं आहे.

---

नारायणपेठी | १७ मार्च २०१३, रात्री ९:२०

आजोबा, आवडीच्या यादीसाठी किती आभार मानू! आज मावशींच्या बॉक्सवर केली. सह्याद्री पहिलं ठेवलं. त्यांनी वरचं बटण दाबलं, पुढचं चॅनेल आलं, पुन्हा दाबलं, त्यांची मालिका आली. त्या म्हणाल्या, "हे तर पहिल्यासारखंच झालं की गं." पुठ्ठ्याकडे बघायची गरजच पडली नाही. एकच सूचना: काही बॉक्सवर ती यादी वीज गेल्यावर बंद होते आणि "फेव्ह" बटण पुन्हा दाबावं लागतं. त्या बटणालाही एक टिकली लावा, वेगळ्या रंगाची.

---

कर्वेनगर_वासी | २ एप्रिल २०१३, सकाळी ८:४५

तपकीर गल्लीत मॉड्युलेटर मिळाला, आईचा टीव्ही चालू आहे. तारवाला, मनापासून धन्यवाद.

एक शंका. आता चित्र जरा उशिरा येतं का? काल शेजारी मॅच चालू होती, त्यांच्याकडे अँटेना आहे. चौकार गेला की ते आधी ओरडतात, आईला नंतर दिसतं. उद्यापासून आयपीएल आहे, ती म्हणते माझा टीव्ही मागे पडलाय.

---

तारवाला | २ एप्रिल २०१३, दुपारी २:१५

हो, काही सेकंद उशीर होतोच. चित्र आधी लहान करून पाठवायचं, मग बॉक्सने ते पुन्हा उलगडायचं, त्यात वेळ जातो. बिघाड नाही, दुरुस्त करायचंही काही नाही. आईंना सांगा, सगळ्या बॉक्सवाल्यांचं असंच आहे.

---

हडपसरची_सुनंदा | ३ एप्रिल २०१३, रात्री ९:०५

ताईंच्या वस्तीत १ तारखेला केबल गेली. त्यांनी मूळ पॅकेजच मागितलं. आधी तो म्हणाला असं काही नसतं, ताईंनी "ट्राय"चं नाव घेतल्यावर मिळालं. पावती दिली, पण अर्जाची प्रत अजून दिली नाही. त्यांच्या शेजारच्या तिघींचं अजून बाकी आहे, त्यांना पॅकेज दुप्पट पैशांचं सांगितलंय. नारायणपेठी, तुम्ही येते म्हणाला होतात.

---

नारायणपेठी | ३ एप्रिल २०१३, रात्री ९:३०

येते. रविवारी सकाळी दहाला चालेल का? चौघींना एकत्रच बसवा. प्रत्येकीने केबलची जुनी पावती आणि ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवावी. अर्ज मी तिथेच भरून देईन. अर्जाची प्रत आणि कंपनीचा टोल-फ्री नंबर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दिला नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारी बघणाऱ्या) लेखी तक्रार करू, तिचा मसुदा शनिवारी इथेच टाकते, तारवाला आणि आजोबांनी तपासून द्यावा. टिकल्यांची पाकिटं आणि पुठ्ठे मी आणते, जाड स्केचपेन कुणाकडे असेल तर ठेवा.